शिकागोतलं हिवाळी पार्किंग तिकीट : आक्षेप नेमका कसा घ्यायचा?

रानवारा

शिकागोत हिवाळ्यात लागणाऱ्या पार्किंग तिकिटांचा विषय इथे निरनिराळ्या धाग्यांवर तुकड्यातुकड्याने निघतो आणि बहुतेक वेळा "६० डॉलरसाठी कशाला डोकं लावता, भरून टाका" यावर संपतो. तिकीट बरोबर असेल तर जरूर भरावं, लवकर भरावं. पण पाटी नसलेल्या जागी, चुकीच्या वेळेला किंवा चुकीच्या पत्त्यावर फाडलेलं तिकीट रद्द होतं. त्याला वकील लागत नाही, आक्षेप घ्यायला फी पडत नाही. म्हणून सगळं एका जागी लिहितोय. दुरुस्त्या आणि भर प्रतिसादांत टाका.

वायपरखालचा कागद हातात आला की आधी त्यावरचा कलम क्रमांक बघा. बर्फाशी संबंधित पार्किंगच्या दोन बंद्या आहेत. लोक त्या एकच समजतात आणि आक्षेप तिथेच फसतो.

०९६४०६० असेल तर ती रात्रीची बंदी. १ डिसेंबर ते १ एप्रिल, रोज पहाटे ३ ते ७, सुमारे १०७ मैल मुख्य रस्त्यांवर. बर्फ पडो न पडो, रविवार असो, नाताळ असो, बंदी चालूच. १९७९ आणि १९९९ च्या हिमवादळांत शहर ठप्प झालं होतं, त्यातून हा नियम आला. ७९ च्या बर्फात तर महापौर मायकेल बिलँडिक यांची खुर्ची गेली आणि जेन बर्न निवडून आल्या. इथे महापालिका ढिलाई दाखवेल ही आशा ठेवू नका.

०९६४०७० असेल तर ती दोन इंचांची बंदी. आणखी सुमारे ५०० मैल रस्ते. हिला वेळ नाही, तारीख नाही. रस्त्यावर दोन इंच किंवा जास्त बर्फ असला की लागू, मग दुपारचे दोन का वाजेनात.

दंड दोन्हींना ६० डॉलर, पण बचाव वेगवेगळे. "त्या रात्री बर्फच नव्हता" हा मुद्दा दुसऱ्या बंदीत तुमचा सर्वांत मोठा आधार आहे आणि पहिल्या बंदीत त्याची किंमत शून्य.

आता कारणं. पार्किंग तिकिटाला कोणत्या कारणांनी आव्हान देता येतं ते महापालिका संहितेच्या ९-१००-०६० या कलमात दिलं आहे. त्यातली आपल्या कामाची : त्या वेळी गाडी तुमच्या मालकीची नव्हती, गाडी किंवा नंबरप्लेट चोरीला गेली होती, बंदीची पाटी गायब होती किंवा झाकली गेली होती, तिकिटावरची माहिती आपसांत जुळत नाही किंवा तिच्यावरून नियमभंग सिद्ध होत नाही. सुनावणी घेणारे न्यायाधीश या चौकटीतच निर्णय देतात, तुमची अडचण किती खरी आहे यावर नाही. त्यामुळे अर्जाचं पहिलं वाक्य यांपैकी एका कारणाचं असायला हवं.

मुदत : तिकिटाच्या तारखेपासून ७ दिवसांत भरा किंवा आक्षेप घ्या. ते हुकलं तर गाडीच्या नोंदणीकृत पत्त्यावर नोटीस येते, तिच्यावर पुढची तारीख छापलेली असते. तीही हुकली की तुमचं न ऐकताच तुम्ही दोषी ठरता. त्यानंतर पैसे वेळेत भरले नाहीत तर ६० चे १२० होतात आणि वसुलीला गेलं की वर २२ टक्के, म्हणजे १४६ डॉलर ४० सेंट.

आणखी एक. पैसे भरले की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. "आधी भरतो, मग भांडतो" असं इथे चालत नाही.

---

सोनटक्का

फार उपयोगी लिहिलंय. एक शंका. तिकिटावर ०९६४०६० आहे, तारीख १ डिसेंबर, वेळ पहाटे ३.४०. गाडी ३० नोव्हेंबरला संध्याकाळी लावलेली. बंदी डिसेंबरपासून असेल तर नोव्हेंबरात लावलेल्या गाडीला तिकीट कसं?

---

रानवारा

@सोनटक्का, गाडी कधी लावली याला महत्त्व नाही, ३ ते ७ मध्ये ती तिथे उभी होती का एवढंच बघतात. ३० नोव्हेंबरच्या रात्रीनंतरची पहाट म्हणजे १ डिसेंबर. सर्वांत जास्त लोक इथेच सापडतात. पहिल्याच पहाटे दोनशेच्या वर गाड्या उचलल्या गेल्याच्या बातम्या अनेक वर्षी आल्या आहेत. तारखेवरून हे तिकीट रद्द होणार नाही. पाटी होती का आणि पत्ता बरोबर आहे का, ते तपासा.

तोच हिशोब शेवटाला. १ एप्रिलची पहाट बंदीत धरलेली आहे, २ एप्रिलची नाही.

---

मुक्ता_लेकव्ह्यू

तिकिटावरची माहिती ताडून पाहण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हे काम घरात बसून होतं आणि बरेच जण ते करतच नाहीत.

तिकिटावर नंबरप्लेट, राज्य, गाडीची कंपनी, तारीख, वेळ, ठिकाण, कलम आणि तिकीट देणाऱ्याचा क्रमांक असतो. एकेक ओळ बोट ठेवून वाचा. प्लेटवर ओ आणि शून्य, बी आणि आठ यांची गल्लत होते. राज्य चुकीचं पडतं, विशेषतः दुसऱ्या राज्यातून नुकत्याच आणलेल्या गाड्यांना. होंडाच्या जागी ह्युंदाई लिहिलेलं असतं. या चुका उपयोगाच्या. गाडीच्या रंगाची चूक मात्र फार कामाला येत नाही. राखाडी की चंदेरी यावर कोणी तिकीट रद्द करत नाही.

वेळ बघा. ०६० कलमाला ३ च्या आधीची किंवा ७ नंतरची वेळ असेल तर तिकीट स्वतःच सांगतंय की नियमभंग झाला नाही. ७.०४ ला फाडलेलं तिकीट, मग गाडी रात्रभर तिथे असली तरी, तिकिटावरच्या माहितीवर टिकायला नको.

ठिकाण सर्वांत नीट बघा. शिकागोच्या पत्त्यांना शिस्त आहे आणि ती तुमच्या कामी येते. स्टेट आणि मॅडिसन या रस्त्यांच्या चौकातून आकडे सुरू होतात, एका मैलाला ८०० आकडे. सम आकडे रस्त्याच्या उत्तर आणि पश्चिम बाजूला, विषम आकडे दक्षिण आणि पूर्व बाजूला. म्हणजे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यावर तिकिटात विषम आकडा असेल तर गाडी पूर्वेच्या बाजूला होती असा महापालिकेचा दावा आहे. तुमच्या फोटोत गाडी पश्चिमेच्या बाजूला दिसत असेल तर तो ठोस विसंगतीचा मुद्दा झाला. त्याच रस्त्याचा उत्तर भाग आणि दक्षिण भाग यांचीही अदलाबदल होते. आणि बंदी सबंध रस्त्याला नसते, अमुक चौकापासून तमुक चौकापर्यंत असते. महापालिकेच्या संकेतस्थळावर हिवाळी बंदीच्या रस्त्यांचा नकाशा असतो. तो उघडून तुमचा ब्लॉक त्या टप्प्यात पडतो का बघा आणि त्या दिवशीची प्रत काढून ठेवा.

---

अवधूत_७३

मुक्ताताईंनी घरातलं काम सांगितलं, मी रस्त्यावरचं सांगतो. तिकीट बघितल्यावर माणूस चिडून गाडी काढतो आणि निघून जातो. तिथेच पुरावा जातो. गाडी हलवण्याआधी फोटो काढा.

१. गाडी आहे त्या जागी, मागून, प्लेट आणि शेजारच्या इमारतीचा क्रमांक एकाच चौकटीत.

२. गाडीच्या बॉनेटपाशी उभं राहून दोन्ही दिशांना, ब्लॉकच्या टोकापर्यंत. प्रत्येक खांब दिसायला हवा.

३. ब्लॉकवरची प्रत्येक पाटी जवळून. पाटीवरचा बाण महत्त्वाचा. एकाच दिशेचा बाण म्हणजे बंदी तिथून त्या बाजूला. दोन्ही टोकांचा बाण म्हणजे खांबाच्या दोन्ही बाजूंना. बाण तुमच्या गाडीपासून लांब दाखवत असेल तर तो फोटो तुमचा सर्वांत मोठा पुरावा.

४. चौकातल्या पाट्या, ज्या रस्त्याने तुम्ही वळून आलात तिथून.

पाटी नसेल तर "पाटी नव्हती" एवढं लिहून भागत नाही, नसण्याचा फोटो लागतो. बर्फ ढकलणारा ट्रक किंवा एखादी गाडी आदळून खांब मोडतो तेव्हा फुटपाथमध्ये त्याचं खोड उरतं : चौकोनी लोखंडी नळीचं टोक, वर सात-आठ बोटं, कडा वाकलेल्या, अंगाला रांगेने भोकं. बर्फ बाजूला सारून तो फोटो घ्या. शेजारी घराचा क्रमांक किंवा दिव्याचा खांब येऊ द्या, म्हणजे जागा ओळखू येते. ओला बर्फ वाऱ्याने पाटीच्या तोंडावर थापला गेला असेल तर तो वितळायच्या आत फोटो घ्या, नऊ-दहापर्यंत पाटी पुन्हा स्वच्छ दिसते आणि मुद्दा हातचा जातो.

फोटो मूळ फाईल म्हणून जपा. व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्यातली वेळेची, जागेची नोंद निघून जाते. ईमेलने किंवा ड्राईव्हवर मूळ आकारात ठेवा.

आणि त्याच दिवशी ३११ वर (महापालिकेचा तक्रारींचा क्रमांक) पाटी गायब असल्याची तक्रार नोंदवा. फोनवर, संकेतस्थळावर किंवा ॲपवर होते. तक्रारीचा क्रमांक मिळतो, त्यावर तारीख असते. महापालिकेच्याच दफ्तरात तुमच्या म्हणण्याची नोंद झाली.

---

तात्या_बकटाउन

अवधूत, पाटीच्या मुद्द्याला एक मर्यादा आहे, ती लोकांना आधी कळलेली बरी. तुमच्या गाडीसमोरचा एक खांब पडलेला आहे पण त्याच ब्लॉकवर, त्याच बाजूला आधीचा आणि नंतरचा खांब शाबूत आहे, बाण त्यांच्या मधला सगळा पट्टा धरतात, तर "पाटी नव्हती" हे टिकणं अवघड. त्या ब्लॉकवर गाडी लावणाऱ्याला बंदी कळण्यासारखी होती का, हा प्रश्न न्यायाधीश विचारतात. सगळा ब्लॉक कोरा असेल किंवा तुमच्या बाजूची एकमेव पाटी गेली असेल तर मुद्दा भक्कम.

गूगलच्या रस्तादर्शक चित्रांचा (स्ट्रीट व्ह्यू) पुरावाही जपून वापरा. त्यावर चित्र घेतल्याचा महिना असतो. दोन उन्हाळ्यांपूर्वीच्या चित्रात खांब दिसत असेल तर तो तुमच्याच विरुद्ध जाईल. महिना अलीकडचा असेल आणि खांब नसेल तर जरूर जोडा.

---

नेपरविलकर

उपनगरांचं काय? इकडे तर वर्षभर रात्री रस्त्यावर गाडी ठेवता येत नाही.

---

रानवारा

@नेपरविलकर, प्रत्येक गावाचा नियम स्वतःचा आणि सुनावणीची सोयही स्वतःची. नेपरविलला पहाटे २ ते ५ रस्त्यावर पार्किंग नाही, ओक पार्कला २.३० ते ६. ही बंदी बाराही महिने आहे, हिवाळ्याशी तिचा संबंध नाही. त्यामुळे तिकडच्या तिकिटावर शिकागोचं कलम लिहून पाठवू नका. तिकिटावर कोणत्या गावाचं नाव आहे ते पाहून त्या गावाची संहिता उघडा. हा धागा शिकागो शहरापुरता ठेवू.

---

मिनेसोटाची_सई

शिकागोपुरता ठेवायचा हे मान्य, पण मिनिॲपोलिसला राहणारे बरेच जण इथे वाचतात म्हणून चारच ओळी. इकडे तारखेची बंदी नाही, महापालिका हिम-आणीबाणी जाहीर करते आणि मग तीन दिवसांचा क्रम चालतो. पहिल्या रात्री ९ ते सकाळी ८ आणीबाणी मार्गांवर दोन्ही बाजू बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते रात्री ८ इतर रस्त्यांची सम बाजू आणि पार्कवेच्या (बागांच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यांच्या) दोन्ही बाजू बंद. तिसऱ्या दिवशी त्याच वेळात इतर रस्त्यांची विषम बाजू. तिकिटावरचा आक्षेप महापालिकेकडे जात नाही, हेनेपिन काउंटीच्या (मिनिॲपोलिसच्या जिल्ह्याच्या) न्यायालयाच्या सुनावणी अधिकाऱ्याकडे जातो. तिकिटाची वेळ कोणत्या दिवसात पडते आणि तुमची बाजू सम की विषम, यावरच बहुतेक निकाल ठरतात.

---

सोनटक्का

पोस्टाने आक्षेप पाठवायचा की प्रत्यक्ष सुनावणी मागायची? ऑनलाइनही करता येतं म्हणे.

---

मुक्ता_लेकव्ह्यू

तीनही मार्ग खुले आहेत, पण एकदाच निवडायचं. पोस्टाने हरलात म्हणून नंतर सुनावणी मागता येत नाही.

पोस्ट किंवा ऑनलाइन कधी? मुद्दा कागदावर आपोआप दिसतो तेव्हा. ७.०४ ची वेळ, चुकीची प्लेट, तिकिटाच्या तारखेआधीच गाडी विकल्याची कागदपत्रं. तुमचं बोलणं त्यात काही भर घालत नाही.

---

तात्या_बकटाउन

इथे माझं मत जरा वेगळं आहे. पाटीचा किंवा बर्फाच्या खोलीचा वाद असेल तर समोरासमोरच जा. फोटो बघून न्यायाधीशाला पडणारा पहिला प्रश्न असतो : "हा खांब गाडीच्या पुढे की मागे?" पोस्टाने पाठवलेल्या फोटोला हे कोणी विचारत नाही, विचारलं तरी उत्तर द्यायला तुम्ही नसता. तिकीट हाच महापालिकेचा पुरावा धरतात, तो खोडायची जबाबदारी तुमची. त्यामुळे संशय उरला तर पोस्टाचं पाकीट हरतं.

दुसरं कारण कागदपत्रांचं. इलिनॉयचा माहिती अधिकार कायदा आहे. त्याखाली तिकीट देणाऱ्याने काढलेले फोटो, त्या ब्लॉकवरच्या पाट्यांच्या दुरुस्तीच्या नोंदी, त्या रात्री दोन इंचांची बंदी राबवायचे आदेश होते का, हे सगळं मागता येतं. कामकाजाच्या ५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आणखी ५ दिवस वाढवून घेता येतात. तुमच्याकडे मुदत ७ दिवसांची, पोस्टाच्या अर्जासोबत पुरावे तेव्हाच जोडावे लागतात. म्हणजे माहिती हातात येईतो वेळ संपते. सुनावणी मागितली की तारीख पुढची पडते आणि मधल्या काळात कागद येतात.

---

मुक्ता_लेकव्ह्यू

तात्या, माहिती अधिकाराचा मुद्दा पटला. पाटीच्या वादात सुनावणीच घ्यावी. फक्त दुसऱ्या राज्यात राहणाऱ्यांनी किंवा रजा न मिळणाऱ्यांनी पोस्टाचा मार्ग कमी समजू नये, पाकीट नीट भरलं तर तेही चालतं. पाकिटात काय ते लिहून ठेवते.

तिकिटाची प्रत. अर्जाचं पान, जास्तीत जास्त एक. त्यात पहिल्या ओळीत तिकीट क्रमांक, प्लेट, तारीख. दुसऱ्या ओळीत कारण, संहितेच्याच शब्दांत. मग तीन-चार वाक्यांत वस्तुस्थिती, प्रत्येक वाक्यापुढे फोटोचा क्रमांक. शेवटी एकच मागणी : तिकीट रद्द करावं. "पहिल्यांदाच झालं", "शहरात नवीन आहे", "नोकरी गेली आहे" यांतलं काही नको. त्याने खरा मुद्दा झाकला जातो.

प्रत्येक पानावर आणि प्रत्येक फोटोच्या मागे तिकीट क्रमांक लिहा, कागद सुटे झाले तरी सापडतील. मूळ कागद पाठवू नका, परत येत नाहीत. पाकीट चौकातल्या निळ्या टपालपेटीत टाकू नका. संध्याकाळी पेटीत पडलेल्या पत्रावर दुसऱ्या दिवसाचा शिक्का बसू शकतो. टपाल कार्यालयाच्या खिडकीवर द्या आणि पाठवल्याची पावती घ्या.

---

अवधूत_७३

सुनावणीला जाणाऱ्यांसाठी. प्रशासकीय सुनावणी विभागाचं मुख्य केंद्र ४०० वेस्ट सुपीरियर स्ट्रीटला आहे. तारीख, वेळ आणि जागा सूचनेवर असते, ती बघूनच निघा. फोटो छापून न्या, दोन संच. मोबाईलवर दाखवलेला फोटो नोंदीत राहत नाही आणि पुढे अपील करायची वेळ आली तर तो नसल्यातच जमा. क्रम असा लावा : तिकीट, गाडी जागेवर, ब्लॉक दोन्ही दिशांना, पाटी किंवा मोडका खांब, नकाशा, ३११ चा क्रमांक. बोलायला काही मिनिटंच मिळतात. कारण आधी सांगा, मग फोटो एकेक पुढे करा.

तिकीट देणारा कर्मचारी सहसा हजर नसतो. "तो आला नाही म्हणून रद्द करा" हे चालत नाही, कारण तिकीटच पुरावा आहे.

---

खारेवारे

दोन इंचांच्या बंदीबद्दल कोणी खोलात लिहिलं नाही, म्हणून. ०७० कलमात वाद असतो मापाचा, आणि माप कुठलं हे समजून घ्यायला हवं. नियम रस्त्यावरच्या बर्फाबद्दल बोलतो. विमानतळावर किती पडला याबद्दल नाही, तुमच्या छपरावर किती साचला याबद्दल तर नाहीच.

राष्ट्रीय हवामान सेवा ओहेअर आणि मिडवे विमानतळांच्या रोजच्या नोंदी प्रसिद्ध करते. त्यात दोन वेगळे आकडे असतात : दिवसभरात पडलेला बर्फ आणि जमिनीवर असलेल्या बर्फाची खोली. पहिला आकडा मध्यरात्र ते मध्यरात्र बेरजेचा. पहाटे ४.४० ला तिकीट लागलं आणि दिवसाची बेरीज ३.१ इंच दिसते, पण त्यातला बहुतेक बर्फ दुपारनंतर पडला, तर बेरीज तुमच्याविरुद्ध वापरणं चुकीचं आहे. त्यासाठी दर तासाची विमानतळाची निरीक्षणं काढा, त्यात बर्फ कधी सुरू झाला, कधी थांबला ते दिसतं. उलटही होतं. दिवसाची बेरीज ०.८ असते पण आदल्या रात्रीचा साडेतीन इंच रस्त्यावर तसाच असतो. अशा वेळी बेरजेचा आकडा घेऊन सुनावणीला गेलात तर हराल.

तिसरा आधार कोकोराहस या स्वयंसेवी जाळ्याचा. कुक काउंटीत, म्हणजे शिकागो ज्या जिल्ह्यात येतं तिथे, ठिकठिकाणी लोक सकाळी सातच्या सुमारास बर्फ मोजून नोंदवतात. सरोवरालगत आणि ओहेअरकडे यांत फरक पडतो; मिशिगन सरोवरावरून येणारा बर्फ किनाऱ्याच्या वस्तीत जास्त आणि पश्चिमेकडे जवळजवळ शून्य असा पडू शकतो. तुमच्या वस्तीजवळची नोंद असेल तर तिचं वजन जास्त.

पण सर्वांत चांगला पुरावा म्हणजे पट्टी घातलेला फोटो. पट्टी घेताना बघा, बऱ्याच पट्ट्यांचा शून्य टोकावर नसतो, आत थोडी कोरी जागा असते. ती मापात मिळवायला विसरलात तर माप चुकीचं. पट्टी डांबराला टेकेपर्यंत उभी घाला. कडेला बर्फ ढकलणाऱ्या ट्रकने रचलेला बांध असतो, तो सहज आठ-दहा इंच असतो, तिथे मोजू नका. पार्किंगच्या पट्ट्यातला, चाकं न गेलेला, ट्रकने न हलवलेला भाग शोधा. गाडीच्या पुढे एक आणि मागे एक, निदान दोन मापं. गाडीखाली मोजण्यात अर्थ नाही, तिथे बर्फ पोचलेलाच नसतो. पट्टी नसेल तर डॉलरची नोट चालते : रुंदी २.६१ इंच, लांबी ६.१४. नोट आडवी धरून खालची लांब कड रस्त्याला टेकवली आणि निम्म्याहून जास्त वर राहिली तर बर्फ दोन इंचांच्या खाली आहे हे बघणाऱ्याला लगेच कळतं.

फोटोची वेळ आणि तिकिटाची वेळ यांत तीन तासांचं अंतर असेल तर मधल्या काळात बर्फ पडला नाही किंवा वितळला नाही हे तासांच्या नोंदींनी जोडून द्या. तापमान गोठणबिंदूच्या खाली होतं का, तेही त्याच नोंदींत आहे.

---

कांचनमृग

गाडी जागेवर नाही. चोरी झाली की उचलली हे कसं कळणार? उचलली असेल तर तिकीट आणि टो (गाडी ओढून नेणं) दोन्ही एकत्र लढायचं का?

---

रानवारा

@कांचनमृग, आधी ३११ ला फोन करा किंवा महापालिकेच्या गाडी शोधण्याच्या पानावर प्लेट टाका. दोन शक्यता. मोठ्या बर्फात कधी कधी गाडी जप्तीच्या आवारात न नेता जवळच्या रस्त्यावर सरकवून ठेवतात. किंवा आवारात नेलेली असते. तिथे नेली असेल तर टोचे किमान १५० डॉलर आणि ठेवण्याचे रोजचे २५, तिकिटाचे ६० वेगळे. रोजचा आकडा चढत जातो, म्हणून गाडी आधी सोडवा, भांडण नंतर. ओळखपत्र, चालू लायसन्स आणि गाडीच्या मालकीचा कागद न्या. नोंदणीचा कागद गाडीतच असेल तर तसं खिडकीवर सांगा.

तिकीट आणि टो ही दोन वेगळी प्रकरणं. टोबद्दल सुनावणी १५ दिवसांत मागायची असते. फक्त तिकिटावर आक्षेप घेतला आणि ते रद्द झालं तर टोचे पैसे आपोआप परत येतील असं धरून बसू नका. गाडी सोडवताना मिळालेला प्रत्येक कागद जपा, त्यावर टोची वेळ असते. ती वेळ ३ ते ७ च्या बाहेर असेल तर वेगळा मुद्दा तयार होतो.

जप्तीतून गाडी काढली की पुन्हा त्या जागी जाऊन पाटीचे फोटो घ्या, त्याच दिवशी.

---

सोनटक्का

मीटरचे पैसे ॲपवरून भरलेले असतील तर? आणि झोनचा रहिवासी परवाना?

---

तात्या_बकटाउन

दोन्हींचा उपयोग नाही. मीटर वेळ विकतो, बंदीतून सूट देत नाही. झोन परवान्याचं तेच. अपंगत्वाचा परवाना मीटर आणि वेळमर्यादेपुरता, बर्फाच्या मार्गावर तो ढाल होत नाही.

न चालणारी आणखी कारणं इथेच टाकतो : धोक्याचे दिवे चालू होते, पाचच मिनिटं थांबलो, पुढच्या गाडीला तिकीट नव्हतं, मित्राने लावली होती. शेवटच्यात जबाबदारी मालकाची. भाड्याची गाडी असेल तर तिकीट आधी कंपनीकडे जातं आणि कंपनी तुमचं नाव कळवते, वर स्वतःचा आकार लावते. करार बघा. गाडी बंद पडली हे कारण संहितेच्या यादीत नाही. मेकॅनिकची किंवा खाजगी टोची वेळ असलेली पावती जोडून बघता येईल, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

---

कांचनमृग

गल्लीत बर्फ उकरून लोक खुर्च्या मांडून जागा धरतात, ती खुर्ची हलवून गाडी लावली तर तिकीट लागतं का?

---

अवधूत_७३

नाही. खुर्ची हा शेजाराचा रिवाज आहे, नियम नाही, महापालिका कधीही उचलून नेऊ शकते. तरी दुसऱ्याने तासभर उकरलेल्या जागेचा मान राखावा असं मला मनापासून वाटतं. खुर्चीचा वाद गल्लीतला, या धाग्यातल्या दोन्ही बंद्या मुख्य रस्त्यांच्या. आपला रस्ता कोणत्या गटात येतो ते नकाशात बघून घ्या.

---

सई_आणि_मंडळी

पत्ता बदलल्यामुळे नोटीस मिळालीच नाही आणि आता थेट १२० डॉलरचा कागद आला, अशा वेळी काय करायचं? याने लायसन्स किंवा विम्यावर काही येतं का?

---

मुक्ता_लेकव्ह्यू

न ऐकता दोषी ठरवल्याचा निर्णय बाजूला ठेवावा असा अर्ज करता येतो, मुदत २१ दिवसांची. कारण लिहिताना नोटीस जुन्या पत्त्यावर गेली हे कागदाने दाखवा : घरभाड्याचा करार, वीजबिल, पत्ता बदलाची पोचपावती. महापालिका गाडीच्या नोंदणीचा पत्ता धरते. लायसन्सवरचा पत्ता बदलला पण गाडीच्या नोंदणीवरचा राहिला, असं फार होतं. घर बदललं की १० दिवसांत दोन्ही बदलून घ्या.

पार्किंगचं तिकीट दिवाणी स्वरूपाचं असतं, वाहन चालवण्याच्या नोंदीत दंडाचे गुण लागत नाहीत. पार्किंगची थकबाकी म्हणून लायसन्स निलंबित करणं इलिनॉयने जुलै २०२० पासून बंद केलं. पण चाकाला बूट (चाक जखडणारं लोखंडी कुलूप) लागतो : अंतिम झालेली तीन तिकिटं थकली तर, किंवा दोनच पण वर्षापेक्षा जुनी असली तर. बूटचे १०० डॉलर वेगळे, आणि २४ तासांत काही केलं नाही तर गाडी उचलतात.

---

कांचनमृग

आणि सुनावणीत हरलो तर पुढे?

---

तात्या_बकटाउन

कुक काउंटीच्या सर्किट न्यायालयात ३५ दिवसांत. तिथे दाव्याची फी आहे आणि ती तिकिटापेक्षा जास्त पडते, त्यामुळे एका ६० डॉलरसाठी सहसा कोणी जात नाही. टो आणि आवाराचे पैसे मिळून रक्कम मोठी असेल तर विचार करा. तिथे नवा पुरावा घेत नाहीत. सुनावणीच्या नोंदीत जे आहे त्यावरच निर्णय होतो. पट्टीचा फोटो, ३११ चा क्रमांक, हवामानाच्या तासांच्या नोंदी, जे काही असेल ते पहिल्याच सुनावणीत छापील प्रतीत द्या, आणि प्रत्येक कागद नोंदीत घेतला का हे तिथेच विचारून घ्या.